बाईंना खोटा नमस्कार चालत नसे

आधीच माफी मागते. माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर हातात पेन आलं ते किराणा मालाच्या चिठ्ठीपुरतं. 'पूजा'मधला पू कसला, हे बाईंनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. प्रत्येक वेळी मी मान हलवली आणि प्रत्येक वेळी विसरले. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. धाकटीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, आणि बाई बदलून साताऱ्याला गेल्यापासून आमची मागची खोली रिकामी आहे. संध्याकाळी तिथं दिवा लावायला गेलं, की आत कुणीतरी देवाला रागावतंय असं वाटतं. म्हणून लिहायला घेतलं.

बाई म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मोठ्या बाई. कुंडलच्या पुढं आमचं लहान गाव. मी त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते, आणि बाई आमच्याकडंच भाड्यानं राहायच्या. म्हणजे दिवसभर त्या माझ्या साहेब आणि संध्याकाळी मी त्यांची घरमालकीण. मला दोन्ही नीट जमलं नाही. मुळात मला कुणाशी बोलायला जमतच नाही. त्यांना तोंडावर 'बाई' म्हणायलाच मला दोन महिने लागले. तोवर 'आवं'वरच भागवलं.

बाईंना देवाचं लय वेड. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. त्या दोन दिवसांत बाई आठवड्याचं जेवून घ्यायच्या. स्कूटीच्या तोंडाशी मारुतीचं चित्र, मागं दत्ताचं आणि डिकीच्या झाकणाला आतल्या बाजूनं लक्ष्मी. आत का, असं माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "ऊन लागतं तिला."

पण देवाला भिऊन असणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. देवांशी त्यांचं चुलत्या-मामांशी असावं तसं होतं. येणं-जाणं, मान-पान आणि भांडणंसुद्धा.

एकदा मी त्यांच्या खोलीत पाण्याची कळशी ठेवायला गेले, तर गणपतीचा फोटो भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं वाऱ्यानं फिरला. मी सरळ केला. बाई आल्या आणि दारातच थबकल्या.

"कुणी फिरवला ह्याला?"

"मी," मी म्हणाले.

"परत फिरवा. आमचं बोलणं बंद हाय."

"कशावरनं, आवं?"

"बदलीवरनं. दर वर्षी साताऱ्यासाठी अर्ज करतीय. माझी आई तिथं एकटी. ह्याला एवढं एक काम सांगितलं, तर ह्यानं दुसऱ्याच कुणाची तरी बदली केली."

"मग नैवेद्य?"

"नैवेद्य दावती की! उपाशी ठेवायला मी काय वैरीण हाय त्याची? नुसता नमस्कार बंद. मनात राग असताना हात जोडायचं म्हंजे खोटी हजेरी लावल्यागत झालं. माझ्या मस्टरवर कुणी खोटी सही केली तर मी खपवून घेती का? मग त्याच्या मस्टरवर मी कशी करू?"

हे बोलणं मला तेव्हा गमतीचं वाटलं. पण बाई ते पाळायच्या. शाळेत सकाळी परिपाठाला सगळी पोरं हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना म्हणायची. ज्या दिवशी बाईंचं देवाशी वाजलेलं असेल, त्या दिवशी त्या समोर हात मागं बांधून उभ्या राहायच्या. पोरं एक डोळा किलकिला करून बघायची आणि मागं निरोप जायचा, "बाईंचं आज भांडण हाय." त्या दिवशी सगळ्यांचा गृहपाठ झालेला असायचा.

अजून एक खूण होती. बाई एरवी आमच्यासारखंच बोलायच्या. मनापासून चिडल्या की मात्र एकदम पुस्तकातलं, शुद्ध बोलायला लागायच्या. "आपण हे काय करीत आहात?" असं ऐकू आलं, की मी चुलीचा जाळ कमी करून गप्प बसायचे.

गौरी आमच्या शाळेत चौथीला आली. तिचे वडील मूळचे कवठे महांकाळकडचे. त्यांनी आमच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. गावातल्या देवळाचं लोखंडी गेट त्यांनीच केलं आणि चांगलं केलं. पण आत जाऊन पाया पडले नाहीत. गेट उघडतंय-लागतंय एवढं बघितलं आणि निघाले. गावाला तेव्हाच कळलं होतं, की हा माणूस देव मानत नाही.

पहिल्याच दिवशी परिपाठाला गौरी हात सरळ सोडून उभी. डोळे उघडे. बाईंना वाटलं, आपल्यासारखंच असणार. प्रार्थना संपल्यावर त्यांनी जवळ बोलावून हळूच विचारलं,

"कशावरनं भांडण झालंय?"

"कुणाशी, बाई?"

"देवाशी."

"भांडण न्हाई. आमच्यात देव मानत न्हाईत."

बाई गोंधळल्या. "कुठलाच?"

"न्हाई."

"मारुती बी?" जणू एवढा एक तरी सोडला असेल.

"न्हाई, बाई."

पोरं श्वास धरून ऐकत होती. मी तांदूळ निवडायचे थांबले. बाईंनी बराच वेळ विचार केला, आणि मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"म्हंजे तुझी ओळखच न्हाई म्हण की!"

गौरी म्हणाली, "व्हय."

"मग झालं तर. ओळख नसलेल्या माणसाला रस्त्यात उगं कोण नमस्कार घालतंय? तू ताठ उभी राहायचं. दुसऱ्यांचं चाललंय तवर चुळबूळ करायची न्हाई. आणि राष्ट्रगीताला मात्र ओळखबिळख काय चालायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिसरीतला एक पोरगा पण हात सोडून उभा राहिला. म्हणाला, "बाई, माझी बी ओळख न्हाई."

"न्हाई? मग शनवारी मारुतीच्या देवळात नारळासाठी ढकलाढकली कोण करत हुतं?"

"ती खोबऱ्यापुरती ओळख हाय, बाई."

"मग खोबऱ्यापुरतं हात जोड," बाई म्हणाल्या.

टेलरमामूंचा पोरगा प्रार्थनेला तळवे वर उघडून उभा राहायचा. बाईंनी त्याला कधी काही म्हटलं नाही. उलट एका रमजानात तो दुपारी खिचडीला बसत नाही हे बघून त्यांना हुरहूर लागली. आपण एवढे उपास करतो आणि हा एक तेवढा राहिलाय! एक दिवस त्यांनीही रोजा धरला. साबुदाणा नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही, हे त्यांना दुपारी बारानंतर नीट समजलं. चार वाजेपर्यंत त्या शाळेतल्या सगळ्यांशी शुद्ध बोलत होत्या. संध्याकाळी टेलरमामूंच्या घरी इतके खजूर खाल्ले, की उचकी लागली ती झोपेपर्यंत. मला म्हणाल्या, "आपलं उपास म्हंजे नुसती मजा हाय गं. खरा उपास त्यांचा." पण परत धरला नाही.

आता सुभेदारांचं सांगते. ते शाळेच्या समितीचे अध्यक्ष. फौजेतून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण सगळ्यांनी एका रांगेत आणि एकसारखं वागावं, हा त्यांचा धर्म. एक दिवस परिपाठाला आले आणि गौरीचे सुटलेले हात त्यांना दिसले.

"ये क्या है? हात जोडायला काय वजन लागतंय? एक-दोन, जोड!"

"सुभेदार, कवायत माझ्याकडं पीटीच्या तासाला असती," बाई म्हणाल्या.

"आवं, पोरीचं नाव गौरी, आणि ती हात जोडत न्हाई?"

"गौरीनं कुणाला हात जोडायचं? लोकच तिला जोडत्यात की."

पोरं हसली. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी ते मनात ठेवलं.

मग दसरा आला. आमच्या शाळेत दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन असतं. एकावर एक आकडा मांडत जी सरस्वती होते, ती सगळी पोरं पाटीवर काढतात. त्या वर्षी सुभेदारांनी ठरवलं, नुसतं हळद-कुंकू नको, मोठी पूजा करू, हार आणू, पेढे वाटू. घरटी वीस रुपये वर्गणी काढली आणि स्वतः पाचशे घातले. गौरीचे वडील म्हणाले, "पूजेला देत न्हाई. शाळेला पंखा लागत असंल तर सांगा, शंभर देतो, बसवून बी देतो." सुभेदार म्हणाले, "पंख्याचं बघू फिर कभी," आणि तोंड फिरवून गेले.

पूजेच्या दिवशी सकाळी बाई फुलं आणायला कुंडलला गेल्या होत्या. इकडं सुभेदारांनी पोरं वर्गात बसवली, चौरंग मांडला. सगळ्यांच्या पाट्या फिरून बघितल्या आणि त्यातली एक उचलली. "ही एक नंबर! हीच चौरंगावर." पाटी बसवली, हार घातला. मग म्हणाले, "ज्याची वर्गणी आली न्हाई, त्यानं भायेर."

गौरी उठली आणि बाहेर पायरीवर, सगळ्यांच्या चपला होत्या तिथं जाऊन बसली.

बाई आल्या त्या चांगली रेशमी साडी नेसून. नवरात्राचा नववा उपास. डोळे खोल गेलेले. पायरीवर गौरी दिसली.

"तू इथं काय करतीस?"

"वर्गणी न्हाई आमची."

बाईंनी दारातून आत बघितलं. चौरंग बघितला. हार घातलेली पाटी बघितली. मग फुलांची पिशवी खाली ठेवली आणि त्या रेशमी साडीत, चपलांच्या मधोमध, गौरीच्या शेजारी बसल्या.

सुभेदार आतून म्हणाले, "चला बाई, टाइम हो गया."

"मी आत येणार नाही."

शुद्ध! मी चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं.

"असं काय करताय? पूजा कोण करणार मग?"

"आपणच करावी. मात्र एक मूल बाहेर बसलेलं असताना सरस्वती आत येऊन बसेल, असं आपल्याला वाटत असेल, तर आपण तिला ओळखतच नाही. ती इथंच असेल. या चपलांमध्ये."

एका पोरीनं खरंच वाकून चपलांत बघितलं.

"आणि आपण चौरंगावर बसवली आहे, ती पाटी कोणाची आहे, हे विचारलंत का?"

सुभेदारांनी हार बाजूला करून पाटी उलटी केली. मागं खडूनं लिहिलं होतं, गौरी, इयत्ता चौथी. तिची रेघ बाईंनी दारातूनच ओळखली होती. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, मग पेढं?"

"पेढे सर्वांना मिळतील. पेढ्यांशी कोणाचेही भांडण नाही."

पेढे वाटले. गौरीनं पण खाल्ला. पण तोवर रस्त्यावरच्या कुणीतरी दुकानात जाऊन सांगितलं होतं, आणि तिचे वडील हाताला काळं तसंच घेऊन आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, दाखला द्या. इंग्लिश मीडियमला घालतो."

"मी जाणार न्हाई," गौरी म्हणाली, आणि तिनं पायरीचा कठडा धरला. त्या शाळेत ती यायची ती धावत. मी रोज बघायचे, घंटेच्या आधी फाटकाशी हजर. मी चौथीनंतर शाळा सोडली तेव्हा मला असं काही धरायचं सुचलं नव्हतं.

"आज मिटलं, पण उद्या?" वडील बाईंना म्हणाले. "समद्यांनी दिली, हिच्या बापानं न्हाई दिली, हे तिला रोज ऐकवतील. मला तुमच्याबद्दल काय म्हणायचं न्हाई."

बाई विचारात पडल्या. "आणि कुणीच दिली न्हाई, असं झालं तर?"

"म्हंजे?"

"समद्यांची वर्गणी परत केली तर? मग कुणाचीच वर्गणी न्हाई. मग ही समद्यांसारखीच की न्हाई?"

वेल्डर हिशोबी माणूस. त्यांनी डोकं खाजवलं. "समद्यांची, म्हंजे एकूण एक. एकाची बी ठिवायची न्हाई."

"एकूण एक."

"दिवाळीची सुट्टी संपूस्तवर बघतो. तवर पोरगी घरीच."

हार वाळले होते, पेढे पोरांच्या पोटात गेले होते. म्हणजे पैसे बाईंनाच घालावे लागणार होते. रोज शाळा सुटली की स्कूटी काढून त्या घरोघर जायच्या. "शाळा सरकारची हाय, देवाची वर्गणी हितं घ्यायची न्हवती, चुकून घेतली," असं सांगायच्या आणि वीस रुपये हातात ठेवायच्या. "पूजा घरी करा. मी तर दोन तास करती." लोकांना काही कळेना. काही म्हणाले राहू द्या, तर बाई शुद्ध बोलायला लागायच्या आणि लोक मुकाट्यानं घ्यायचे. एका म्हातारीला वाटलं, सरकारची नवीन योजना आलीय. तिनं विचारलं, "पुढचा हप्ता कवा?"

गौरी संध्याकाळी आमच्या मागच्या खोलीत बाईंकडं अभ्यासाला यायची. भिंतीकडं तोंड केलेला गणपती बघून तिनं विचारलं, "बाई, ह्यांची बी वर्गणी न्हाई का?" बाई इतक्या हसल्या, की त्यांचा चहा सांडला.

सगळ्यांचे पैसे परत गेले. राहिले एकट्या सुभेदारांचे पाचशे.

"फौजी दिलेलं परत घेत न्हाई," ते म्हणाले, आणि विषय संपला. बाईंचा संपला नाही. त्यांनी पाचशेची नोट सुभेदारांच्या पेपरात घालून पाठवली. पेपर परत आला, नोटेसकट. त्यांच्या मालकिणीला पटवून नोट डब्यात ठेवली. डब्यातल्या चटणीचं तेल पिऊन ती परत आली. मग मालकिणीनं ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि स्वतःच विसरून तो शर्ट धुतला. दर वेळी नोट घेऊन सुभेदार स्वतः आमच्या दारात यायचे आणि "जय हिंद" म्हणून उंबऱ्यावर ठेवून जायचे. दिवाळी झाली. सुट्टी संपत आली. गौरीचे वडील येऊन सांगून गेले, "परवा शाळा उघडली की दाखला न्यायला येतो." त्या संध्याकाळी गौरीनं अभ्यासाची वही उघडली, आणि नुसती बसून राहिली.

शेवटची नोट परत करायला सुभेदार आले, तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्यांना चहाला बसवलं. बाई आतून बाहेर आल्या.

"सुभेदार, एक सांगा. फौजेत देव न मानणारा कुणी न्हवताच का?"

"व्हता की. माझ्याच सेक्शनमध्ये. रविवारी मंदिर परेड असायची. आमी आत, त्यो भायेर. आमच्या बुटांजवळ हुबा राहायचा."

"त्याला भायेर काढलावता कुणी?"

"कुणी कशाला काढंल? त्याची मर्जी. साहेबच म्हणायचं, बुटांना बी पहाऱ्याला संत्री पायजे."

मी चहा घेऊन आले होते. मला सगळ्यात आधी खाण्याचंच सुचतं, दुसरं काय सुचणार? आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून बाहेर पडलं, "मग परेड झाल्यावर ते जेवायला कुठं बसायचं?"

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी बोलू शकते हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

"कुठं म्हंजे? लंगरात. माझ्या शेजारी." मग ते थांबले. कप हातातच राहिला. "रोज माझ्या शेजारी. माझ्या ताटातलं लोणचं उचलायचा, साला."

त्यांनी चहा एका घोटात संपवला. चहात साखर कमी आहे म्हणाले, जी कमी नव्हती, आणि उठून गेले. नोट उंबऱ्यावरच होती.

शाळा उघडली त्या सकाळी गौरीचे वडील फाटकाशी उभे होते. गौरी त्यांच्या मागं, दप्तर घेऊन. परिपाठाची रांग लागत होती. एवढ्यात सुभेदार आले. कडक इस्त्री, डोक्यावर टोपी. थेट बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, माझं पाचशे."

बाईंनी पर्समधून ती नोट काढली. तेल पिऊन, धुतली जाऊन आणि मधे चिकटपट्टी लागून तिचा पार निकाल लागला होता. सुभेदारांनी ती उजेडाला धरली.

"ही नोट हाय का पापड?"

"तुमच्यामुळंच तिची ही दशा झालीय."

"चालणार न्हाई. परत घ्यायचं तर रेग्युलर घेणार."

बाईंनी पर्स टेबलावर उलटी केली. शंभराच्या तीन नोटा निघाल्या, बाकी दहा-दहाच्या आणि चिल्लर. सगळी शाळा बघत होती. सुभेदारांनी अंगठ्याला थुंकी लावून मोजायला सुरुवात केली. चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजले. कुणी हललं नाही. फाटकाशी उभा वेल्डरसुद्धा ओठांतल्या ओठांत मोजत होता.

"चारशे नव्वद... चारशे पंच्याण्णव..." बाईंनी पर्सच्या कप्प्यातून पाचाचं एक नाणं ओढून काढलं. "पाचशे."

त्यांनी पैसे खिशात घातले, खिशाचं बटण लावलं आणि फाटकाकडं तोंड केलं.

"ए वेल्डर! माझी बी वर्गणी न्हाई आता. कुणाचीच न्हाई. पोरीला लाइनमध्ये हुबी कर, परिपाठाला उशीर होतोय."

वडील काही म्हणायच्या आत गौरी रांगेत पोचली होती.

"मिळाले ना सगळे?" बाईंनी विचारलं.

"पूरे के पूरे," सुभेदार म्हणाले. "एक रुपया बाकी न्हाई."